मशीन कोणतं?

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मायक्रोप्रोसेसरचं सबमिशन जवळ आलं की हे महाशय हमखास दिसतात. दुसऱ्याच्या लॅपटॉपसमोर, मालकाला खुर्चीवरून उठवून. एरवी चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. पण ‘घरी चालतंय, लॅबमध्ये एरर येतोय’ एवढं कानावर पडलं की कँटीनमधला चहा अर्धा टाकून धावतात. आल्यावर प्रश्न एकच : “मशीन कोणतं?”

समोरचा रडवेला होऊन प्रोग्रॅम दाखवतो. हे त्याकडे बघतच नाहीत. “मशीन कोणतं?”

“लिनक्स आहे.”

“ते नाही विचारलं.” मग स्वतःच ‘युनेम मायनस एम’ मारतात आणि ‘एक्स८६_६४’ हे उत्तर पंचनाम्यात ओळख पटल्यासारखं मोठ्याने वाचतात.

राग येतो तो प्रश्न रास्त असतो म्हणून. प्रोग्रॅम असतो कुठल्या तरी सीनिअरच्या ३२ बिटच्या जमान्यातला, जसाच्या तसा उतरवलेला. त्यात ‘पुशा’ असते, सगळी रजिस्टर एका दमात स्टॅकवर टाकणारी सूचना. एएमडीने २००३ साली ६४ बिटचा प्रोसेसर आणला, तेव्हा ६४ बिट मोडमधून तिची हकालपट्टी झाली. नॅसम हा असेंबलर हेच सांगत असतो, पण एरर वाचतो कोण? महाशय कमांडमधलं ‘एल्फ६४’ खोडून ‘एल्फ३२’ करतात. मग लिंकर अडून बसतो, त्याला ‘एल्फ_आय३८६’ सांगतात. कोडची एक ओळ न बदलता प्रोग्रॅम चालतो. आभार ऐकायला हे थांबलेले नसतात.

घरीही तेच. मामीचे अनारसे हसले : “शेगडी कोणती?” आजोबांचं बीपी वाढलं, सगळ्यांची धावपळ, हे शांतपणे : “मशीन कोणतं?” (मशीनच बिघडलेलं निघालं. तेव्हापासून घरात यांना आवरणं अशक्य झालंय.)

परवा एक ज्युनिअर नवं मॅकबुक घेऊन आली. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपा आणल्या. त्या आर्म घराण्यातल्या, आर-ए-एक्स नावाचं रजिस्टरच त्यांच्यात नाही. इम्युलेटर बसवता आला असता, पण सबमिशन सकाळी होतं. यांनी प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि पहिल्यांदाच गप्प झाले. मग बिजागरी निखळलेला स्वतःचा लॅपटॉप चार्जरसकट तिच्या हातात ठेवला. “यावर चालेल. झाकण हळू उघड.”

तिच्या जर्नलवर सही झाली. यांचं अजून अपुरंच आहे. कोणाकडे तपासलेलं असेल तर द्या बिचाऱ्याला.