ब्रशपाल

संडासाचा ब्रश ही वस्तू दुसऱ्याची घाण काढण्यासाठी जन्माला आली असली, तरी तिची स्वतःची घाण कोणी काढावी या प्रश्नाचे उत्तर डहाणू रोडच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये एका विशिष्ट गृहस्थाच्या रूपाने मिळालेले असून, सोयीसाठी त्यास ‘ब्रशपाल’ म्हणता येईल. संडास घासणारा तो ब्रशपाल नव्हे. संडास घासणाऱ्या ब्रशाला जो घासतो तो ब्रशपाल, आणि हा भेद ध्यानी न घेतल्यास त्याच्या घरातील पुढील घडामोडींचा उलगडा होत नाही.

हा गृहस्थ प्रायः मुंबईतील एखाद्या कचेरीतून निवृत्त झालेला असतो. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली, त्याआधीची सारी नोकरी आपण शटलने केली, हे तो नवख्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. आयुष्यात चहाचा कप त्याने कधी विसळलेला नसतो, पण आवक-जावकाच्या नोंदवह्या मात्र निष्कलंक ठेवलेल्या असतात. निवृत्तीनंतर देखरेख करण्याजोगे कोणीच हाताखाली उरत नाही, अशा काळात एके दिवशी कमोडशेजारच्या डबीत उभा असलेला ब्रश आणि त्या डबीच्या तळाशी साचलेले गढूळ पाणी त्याच्या नजरेस पडते, आणि तेव्हापासून घराला प्रशासन लाभते.

त्याची कार्यपद्धती, निःपक्षपातीपणे पाहता, शास्त्रशुद्ध आहे. वापरलेला ब्रश फ्लशच्या वाहत्या पाण्यात खळबळावा, दांडी बैठकीखाली दाबून त्याचे केस भांड्यावर अधांतरी राहतील असा ठेवून पाणी निथळू द्यावे, आणि पुरता निथळल्यावाचून डबीत परत ठेवू नये, कारण दुर्गंधीचे व जंतूंचे घर ब्रशात कमी आणि डबीतल्या त्या पाण्यात अधिक असते, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. आठवड्यातून एकदा ब्रश व डबी या दोहोंना ब्लिचिंग पावडरच्या पातळ द्रावणात अर्धा तास भिजवून उन्हात वाळवण्याचा त्याचा परिपाठ असतो. बोअरवेलचे पाणी जड, म्हणजे कॅल्शियमचे क्षार अधिक असलेले, असेल तर भांड्यावर पिवळट थर चढतो; तो विरघळवण्यासाठी वापरायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते आम्ल व ब्लिचिंग एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. म्हणून या दोन बाटल्या तो घराच्या दोन टोकांना ठेवतो व मधल्या खोलीत स्वतः बसतो. ही त्याची एकमेव भीती आहे जिची थट्टा कोणी करू नये.

खरी अडचण उन्हाची आहे. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरच्या दमट हवेत ब्रश वाळत नाही, आणि उन्हाळ्यात वाळतो तेव्हा तो गच्चीवर वाळतो, जेथे शेजारच्या वहिनींचे पापड आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाचे बोंबील आधीच पसरलेले असतात. या वादात ब्रशपाल थेट केंद्र सरकारचा आधार घेतो. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला व त्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवण्याचे ठरले. तद्वत ब्रशाभोवती अडीच फुटांचा पट्टा पापडांपासून मोकळा असावा, अशी त्याची मागणी असते. वहिनींची मागणी नेमकी हीच, फक्त उलट दिशेने असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तलासरीच्या पाड्यांवर मात्र हा मनुष्यप्रकार रुजलेला नाही. तेथे स्वच्छ भारत अभियानातील बारा हजार रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानावर उभी राहिलेली शौचालये बहुधा शोषखड्ड्यांची असतात. म्हणजे मैला खड्ड्यात जातो, पाणी जमिनीत मुरते आणि उरलेल्याचे खत जिवाणू करतात. आम्ल किंवा ब्लिचिंग ओतल्यास ते जिवाणूच मरतात, त्यामुळे अशा भांड्याला रसायनापेक्षा घासणेच मानवते, आणि भांड्याचा उतार तीव्र असल्याने दीड-दोन लिटर पाण्यात ते काम भागते. पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी एप्रिल-मे महिन्यांत बायकांच्या डोक्यावरून येते. ब्रशपाल एखाद्या लग्नाच्या निमित्ताने तिकडे गेला आणि ब्रश भिजवण्यासाठी अर्धी बादली मागू लागला, की ती कोणी भरून आणायची, एवढाच प्रश्न त्याला विचारला जातो. तेथे माडाच्या हिरांचा झिजून वीतभर उरलेला खराटा हे काम करतो, भिंतीला टेकवला की लगोलग वाळतो, आणि त्याला डबी लागत नाही.

परत आल्यावर ब्रशपाल जेवताना गांधीजींचा विषय काढतो. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये गांधीजींनी स्वतः झाडू घेऊन संडास साफ केला आणि कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच काम व्रत म्हणून पत्करले, हा इतिहास तो अचूक सांगतो. मात्र त्या दोघांनी झाडूची नव्हे, संडासाची सफाई केली होती, हा तपशील त्याच्या कथनातून गळतो. त्याच्या स्वतःच्या घरात भांडे घासण्याची वेळ येते तेव्हा स्वयंपाकघरातून “अहो, ब्रश मिळेल का?” अशी विचारणा होते, आणि “आज वाळतोय” असे उत्तर जाते. पूर्वी या उत्तरावर वाद होत असे. आता होत नाही, कारण पाण्याच्या पिंपामागे, ब्रशपालाच्या कोणत्याही नोंदीत नसलेला, आठवडी बाजारातून आणलेल्या खराट्याचा एक झिजलेला बुडखा उभा असतो, आणि गेली कित्येक वर्षे ते भांडे त्यानेच घासले जात आहे. पाहुणे न्हाणीघरातून बाहेर येतात ते ब्रशाचे पांढरेशुभ्र केस पाहून थक्क होऊन. अशा घरी जाण्याचा योग आल्यास वाचकांनी त्या ब्रशाचे कौतुक अवश्य करावे, पण ते गृहिणीच्या देखत करू नये.