उभी कॉफी, बसलेली कॉफी

फ्लॉरेन्स, एप्रिल १९६७

तीर्थरूप अण्णा व सौ. आई यांचे चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

मुंबईहून बोटीत बसताना आपल्या सरकारने हाती तीन पौंड ठेवून आमची बोळवण केली होती. आता इंग्लंडातून इकडे निघताना पाहिले तर, इंग्रज सरकार स्वतः ओढग्रस्तीत असूनही परदेशप्रवासाला माणशी पन्नास पौंड नेऊ देते, तेव्हा आमची लायकी जवळजवळ सतरापट वाढली असे म्हणण्यास हरकत नाही. प्रत्यक्षात दोघांच्या मिळून गाठीला होते चाळीसच, कारण मर्यादा ओलांडण्याचा मोह होण्यासाठी आधी तिच्यापर्यंत पोचावे लागते. रेल्वेभाडे आगाऊ भरले होते. चाळीस पौंडांच्या सत्तर हजार लिरा झाल्या आणि सरहद्दीवर घटकाभर मी लक्षाधीशांचा शेजारी असल्यासारखा वावरलो. पण वीस दिवसांनी भागाकार करताच रोजचे साडेतीन हजार, म्हणजे रुपयांत बेचाळीस, एवढेच ऐश्वर्य उरले. 'दिवसाला पाच डॉलरांत युरोप' या नावाचे एक अमेरिकन पुस्तक इकडे फार खपते. त्यातले पाच डॉलर माणशी आहेत, आणि आम्ही दोघे मिळून साडेपाचांत निभावतो.

खजिन्याची किल्ली आणि रोजकीर्द सूनबाईच्या ताब्यात असून मजकडे केवळ अर्ज करण्याचा अधिकार आहे. परवा दिवसभराच्या पायपिटीने पाय बोलू लागले, म्हणून सिन्योरिया चौकातील एका दुकानाबाहेरच्या खुर्चीवर मी अंमळ टेकलो आणि कॉफी मागवली. येथे फळीशी उभे राहून प्यायलेल्या कॉफीचा दर एक आणि तीच कॉफी बसून घेतल्यास दर भलताच निराळा, हे सूनबाईला ठाऊक होते. ती आत जाऊन फळीशी उभी राहिली आणि काचेतून, नादार कुळाकडे मामलेदाराने पाहावे तशी, मजकडे पाहत कॉफी प्याली. रात्री वहीत नोंद आढळली: 'कॉफी, उभी, एक. कॉफी, बसलेली, एक. पैकी आसनभाडे यजमानांच्या नावे.'

खानावळीत पान मांडल्याचाही वेगळा आकार पडतो, पाव खा अथवा न खा, त्यामुळे पाव खाणे हे कर्तव्यच होऊन बसते; आणि येथला पाव मुळातच अळणी. अण्णा, डॉक्टरांनी सांगितलेले मीठबंदीचे पथ्य तुम्ही आठ दिवसांत मोडलेत. येथे पावापुरते का होईना, अख्खे शहर ते पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आले आहे. आईच्या मेतकुटाने आमची लाज राखली.

बिऱ्हाड सांता क्रोचेच्या देवळाजवळ आहे. गेल्या ४ नोव्हेंबरला आर्नो नदी या भागात शिरली, त्याची काळी, तेलकट रेघ (जळणाचे तेल पाण्यावर तरंगत आले होते) अजून भिंतींवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर दिसते. घिबेर्तीच्या जगद्‌विख्यात दाराचे दहांपैकी पाच तक्ते त्या लोंढ्याने निखळले. घरमालकीण म्हातारी ती रेघ प्रत्येक पाहुण्याला दाखविते. सूनबाईने जिन्याच्या चौकटीवर हात टेकून, १२ जुलै १९६१ रोजी आपल्या नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी कुठवर चढले होते ते तिला दाखविले. 'पानशेत' हा शब्द म्हातारीने दोनदा उच्चारून पाहिला. दोघींना एकमेकींची भाषा अवगत नाही, तथापि भिजलेली अंथरुणे, फुगलेले धान्य आणि उपसून न संपणारा चिखल एवढे विषय निव्वळ हातवाऱ्यांनी तासभर चालले, आणि मी, ज्याने इटालियन संभाषणाचे पुस्तक विकत घेतले होते, तो कंदील धरल्यासारखा बाजूस उभा राहिलो.

त्या संध्याकाळी आम्हांला न मागता ऊन पाण्याचे स्नान मिळाले. येथे स्नानाचाही दर असतो. बिलात तो नव्हता. दुसऱ्या दिवशी देवळाच्या दुरुस्तीच्या पेटीत सूनबाईने पाचशे लिरांचे चांदीचे नाणे टाकले, आणि वहीत 'पूर: ५००' एवढेच लिहिले. कोणत्या सदराखाली, कोणाच्या मंजुरीने, याचा मी रीतसर खुलासा मागविला. अर्ज दफ्तरदाखल झाला. रात्री अळणी पाव आणि मेतकूट.

या पत्राच्या तिकिटाचा खर्च माझ्या नावे पडला असल्याने आणखी पुष्कळ लिहिण्याचा हक्क मला आहे. परंतु कडेची जागा सूनबाईने आईंना मेतकुटाचे प्रमाण विचारण्यासाठी राखून ठेवली आहे, सबब थांबतो.

आपला आज्ञाधारक