कळंबोलीचा गोमुखी दरवाजा

शिवकाळात शत्रू चकावा म्हणून दरवाजे गोमुखी बांधत; रायगडचा महादरवाजा पाहावा. तरी शत्रू निदान पायथ्याला पोहोचायचा. ही त्रुटी आधुनिक दुर्गशास्त्राने पनवेलजवळच्या कळंबोली सर्कलवर दूर केली. कलावंतीण दुर्गाला जायचे तर जुन्या मुंबई-पुणे हायवेने शेडुंग फाटा, मग ठाकूरवाडी. सर्कलवर मात्र गडी जेएनपीटीच्या कंटेनरांमागे तरी लागतो, नाहीतर थेट द्रुतगती मार्गावर. (नकाशातली बाई 'मार्ग पुन्हा शोधत आहे' इतक्या शांतपणे म्हणते की किल्लेदारी तिलाच द्यावी.) पर्यायी वाटा मुबलक आहेत, फक्त त्या लोणावळ्याला जातात. तेव्हा सर्कललाच संरक्षित दुर्ग घोषित करून फलक लावावा : श्रेणी अतिकठीण. दुचाकीस्वारांनी द्रुतगती बुरुजावर चढू नये. माथ्यावरून प्रबळगड दिसतो. खंडणी खालापूरला, फास्टॅगमधून आपोआप.