रिकाम्या घराचं सामान

इंग्लंडातल्या मराठी घरांतून हल्ली वस्तू नाहीशा होऊ लागल्या आहेत. हॅरो, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, कुठंही जा. दिवाणखान्यात एक राखाडी सोफा, गुडघ्याखाली येणारं एक टेबल, त्यावर मातीचं एक भांडं आणि त्या भांड्यात एक वाळकी काटकी. पाहुण्यानं बसून काटकीकडे बघायचं. चहाची वेळ झाली की यजमान उठून भिंत दाबतात, भिंत उघडते आणि आतून किटली निघते. ह्या प्रकाराला मिनिमलिझम म्हणतात. आपल्याकडे अशा घरात पाऊल टाकलं की लोक विचारत, "ट्रक कधी यायचाय?"

माझ्या भाच्यानं स्लावमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि ह्या पंथात प्रवेश केला. पंथच म्हणायचं, कारण ह्यात दीक्षा आहे, उपास आहेत आणि दक्षिणा तर भरपूर आहे. पहिली पायरी रंगाची. घराला पांढरा रंग द्यायचा ठरला तेव्हा मला वाटलं, डबा आणला की झालं. पण ह्या देशात पांढऱ्याच्या पोटात इतके पांढरे आहेत की माणसाचे रविवार त्यातच संपतात. डॉर्सेटच्या फॅरो अँड बॉल कंपनीच्या रंगपत्रिकेत एका करड्या छटेचं नाव आहे ‘हत्तीचा श्वास’. दुसरीचं ‘उंदराची पाठ’, आणखी एकीचं ‘मेलेला सामन’. भाचेसून हत्तीच्या श्वासावर खूश झाली. "मामा, बघा ना, किती शांत वाटतं." बघितलं. पुण्यात पावसाळा सरला की जिन्याच्या भिंतींवर हीच छटा फुकट उमटते आणि तिच्यावरून सोसायटीच्या सभेत हातघाई होते.

दुसरी पायरी त्यागाची. ह्या बाबतीत इथलं सरकारही पंथाच्या बाजूचं दिसतं. २०१५ साली इंग्लंडात घरांच्या मापांचं राष्ट्रीय मानक निघालं. दोन बेडरूमच्या, तीन माणसांच्या, एकमजली घराला किमान ६१ चौरस मीटर जागा हवी आणि त्यातली सामान ठेवायला २ चौरस मीटर. दोन! हे माप काढणाऱ्यानं मोदकपात्र पाहिलेलं नाही. सोऱ्या, अप्पेपात्र, तीन मापांचे कुकर, पोळपाट, चार पाट, गौरींचे मुखवटे आणि त्यांचे स्टँड, "लग्नातली आहे, राहू दे" अशी सतरंजी, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि त्या बरण्यांची न जुळणारी झाकणं. मराठी संसार दोन चौरस मीटरांत बसवायचा तर निदान झाकणांना तरी वेगळी खोली द्यायला हवी.

मग आवराआवरीच्या गुरू मारी कोंडोबाईंच्या पद्धतीनं एकेक वस्तू हातात घेऊन ‘हिच्यामुळं आनंद होतो का?’ असं स्वतःला विचारणं सुरू झालं. भाचेसुनेनं पुरणयंत्र हातात घेतलं. पुरणयंत्रानं आजवर कोणालाही आनंद दिलेला नाही. आनंद पुरणपोळीचा असतो, तोही ती दुसऱ्यानं लाटली असेल तर. यंत्र बाद झालं. खुद्द कोंडोबाईंनी तिसऱ्या मुलानंतर आवराआवरीचा नाद बराचसा सोडल्याचं २०२३ साली सांगून टाकलं होतं. ती बातमी भाच्यानं वाचली नव्हती आणि मीही सांगितली नाही. हत्तीचा श्वास अजून ओला होता.

टाकलेल्या वस्तूंचं काय होतं? सोऱ्या एका चॅरिटीच्या दुकानात गेला. तिथल्या आजींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि पास्ता करायचं जुनं इटालियन यंत्र म्हणून काचेच्या कपाटात मांडला. पण जे टाकवत नव्हतं आणि ठेवायचंही नव्हतं, ते सगळं बॅगेत भरून कोथरूडला ताईच्या माळ्यावर रवाना झालं. मला नवल ह्याचंच वाटलं. आमच्या वेळी तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा पुण्याहून इकडं यायच्या, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घेऊन. आता त्याच बॅगा भरून उलट्या दिशेनं जातात.

ह्यात भाच्याचा दोष नाही, ह्या देशाची रीतच अशी आहे. इंग्लंडनं आपली छिटाची कापडं दोनदा घराबाहेर फेकली आहेत. पहिल्यांदा कायद्यानं. कोरोमंडल किनाऱ्यावरचं आणि गुजरातेतलं फुलाफुलांचं सुती कापड इथल्या घरांत इतकं शिरलं की लंडनचे विणकर चवताळले. १७१९ साली ते बायकांच्या अंगावरचे असले झगे भर रस्त्यात फाडत होते. १७२१ साली संसदेनं छापील सुती कापड नेसायला आणि घरात पडदे-गाद्यांसाठी वापरायला बंदी केली, ती १७७४ पर्यंत टिकली. तोवर इथल्या लोकांनी हे कापड स्वतःच छापायची विद्या उचलली होती, म्हणजे फुलं चालत होती, फक्त ती आपली नकोत. दुसऱ्यांदा फेकली ती १९९६ साली, आयकियाच्या जाहिरातीनं. तीत बायका फुलाफुलांचे पडदे ओरबाडून कचऱ्यात टाकतात आणि मोकळा श्वास घेतात. त्याच वर्षी जॉन पॉसन ह्या वास्तुकारानं ‘मिनिमम’ नावाचं पुस्तक काढलं. गृहस्थ हॅलिफॅक्सच्या कापडगिरणीवाल्यांच्या घरातले. पिढीजात कापड विकून झाल्यावर पडदाच नको असं सुचणं मला साहजिक वाटतं.

पण रिकाम्या घराचं खरं बिंग बघायचं तर हॅम्पस्टेडच्या लॉन रोडवर जावं. तिथं १९३४ साली आयसोकॉन नावाची पांढरीफटक इमारत उभी राहिली. जॅक आणि मॉली प्रिचर्ड ह्या जोडप्यानं वेल्स कोट्स ह्या वास्तुकाराकडून ती बांधून घेतली. आधुनिक माणसाला सामानाचं ओझं नको, ही कल्पना. खोल्या आटोपशीर, फर्निचर भिंतीतच बसवलेलं, स्वयंपाकघर जेमतेम. ग्रोपियस, ब्रॉयर, मोहोली-नॉज अशी बाउहाउस ह्या जर्मन कलाशाळेची दिग्गज मंडळी तिथं राहून गेली. १९४६ साली ‘होरायझन’ मासिकाच्या कुरूप इमारतींच्या स्पर्धेत तिला दुसरं बक्षीसही मिळालं. पहिलं का नाही, ह्यावर मी अजून विचार करतो.

आता बिंग. ह्या साध्या राहणीत गादी आवरायला माणूस होता. कपडे धुवायला, खिडक्या पुसायला, बुटांना पॉलिश करायला माणसं होती. जेवण खालच्या सामायिक मुदपाकखान्यात शिजायचं आणि छोट्या लिफ्टमधून वर यायचं. स्वयंपाकघर चिमुकलं ठेवता आलं, कारण भांडी दुसरीकडं होती आणि ती घासणारे हातही दुसरीकडं होते. अगाथा ख्रिस्तीबाई १९४१ ते १९४७ इथं राहिल्या आणि त्यांना घर आवडलं. आवडेल नाही तर काय, डेव्हनमध्ये ग्रीनवे नावाचा त्यांचा मोठा वाडा होता. तो युद्धापुरता आरमारानं ताब्यात घेतला होता, एवढंच. ताईचा माळा प्रत्येकाला लागतोच. बाईंचा जरा ऐसपैस होता.

देशाचंही तसंच. लंडनच्या घराघरांत ‘सोडायला शिका’ सांगणारे सल्लागार तासावर पैसे घेतात. त्यातल्या एखाद्यानं ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पाहावं. ऐंशी लाखांच्या आसपास वस्तू, त्यांतल्या एका वेळी मांडलेल्या जेमतेम शंभरात एक, बाकी सगळ्या माळ्यावर. आणि १९६३ चा कायदा म्हणतो, मोजके अपवाद सोडले तर काहीही देऊन टाकता येणार नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं शिवरायांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं २०२४ साली साताऱ्याला दिली, तीही तीन वर्षांच्या बोलीनं. बोटांत मावणारी वस्तू! हातात घेऊन आनंद होतो का, हे त्यांना कोणी विचारलं नसावं. किंवा विचारलं असेल आणि होत असेल.

ह्या पंथाचे खरे सिद्धपुरुष मात्र वेगळेच आहेत आणि त्यांचे फोटो कुठं छापून येत नाहीत. हाउन्स्लोमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा, कंपनीच्या व्हिसावरचा आपला पोरगा घ्या. भिंती घरमालकाच्या आवडत्या मॅग्नोलिया रंगाच्या. खिळा ठोकला तर अनामत रक्कम कापली जाणार, म्हणून आईवडिलांची तसबीर खिडकीत टेकवलेली. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. त्याच्याकडं एक गादी, एक कुकर, दोन ताटल्या. त्यानं कधी काही सोडलं नाही, कारण सोडण्याजोगं त्याला काही घेताच आलं नाही. त्याची खोली पाहून भाचेसून म्हणाली, "ह्याला फर्निचर घ्यायला हवं हो, किती भकास वाटतं!" तिच्या घरी आणि त्याच्या खोलीत तेवढ्याच वस्तू आहेत. फरक काटकीचा.

तर मूळ गोष्ट. कोथरूडची ताईची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरनं जागा सोडायची तारीख दिली, भाड्याचा चेक दिला आणि नव्या फ्लॅटचा नकाशा दिला. नकाशात जिम आहे, क्लब हाऊस आहे, सगळीकडं फॉल्स सीलिंग आहे, माळा नाही. ताईनं स्लावला फोन लावला. "तुमची खोकी कुठं पाठवू ते सांग. आणि माझीही काही आहेत. आता मी पण मिनिमल होणार आहे."

खोकी जहाजानं आली. त्यांत इथून गेलेल्या वस्तूही परत आल्या आणि शिवाय ताईची समई, परात, दिवाळीअंकांचे गठ्ठे आणि आमच्या आईचं शिवणयंत्र. भाच्यानं गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत सामानासाठी एक खोली भाड्यानं घेतली. खिडकी नाही, लोखंडी शटर आहे, चोवीस तास कॅमेरा चालू. पहिले काही आठवडे निम्मं भाडं, विमा वेगळा. रविवारी तो मुलांना तिथं घेऊन जातो. धाकटी परातीत बसते, थोरला शिवणयंत्राचं चाक फिरवतो.

परवा त्याचा फोन आला. "मामा, तिथं एक सतरंजी अंथरली आणि दोन खुर्च्या टाकल्या. थर्मास नेतो बरोबर. तू पण ये एखाद्या रविवारी. घरी कसं, चार माणसांनी बसावं असं काही नाही ना."