तीन फूट सोडून

तीन फूट काकांना तुम्ही ओळखता. तुमच्या गावात ते दुर्बिणीचा विचार करत असतील, नाहीतर छतावरच्या सोलरचा, नाहीतर कोकणात जागा घेण्याचा. माहिती दुकानदारापेक्षा जास्त, पाकीट मात्र कधी उघडायचं नाही. आमचे काका इंदूरला सराफ्याच्या मागच्या गल्लीत राहतात आणि प्लॅनर मॅग्नेटिक स्पीकर घेण्याचा विचार करतात. बँकेतून रिटायर झाल्यापासून हाच धंदा.

परवा पुण्याहून सौ.चे मामा-मामी आले. इंदूरला आलेल्या पाहुण्याला सराफ्यात न्यावंच लागतं, नाहीतर तो वर्षभर बोलून दाखवतो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, आणि रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात. मामांच्या हातात भुट्ट्याच्या किसाचा द्रोण नुकताच आला होता, वर जीरावन भुरभुरलेलं, आणि तेवढ्यात गर्दीतून काका उगवले. ओळख करून देईपर्यंत त्यांच्या खिशातून मोजायचा टेप बाहेर आला होता.

"मामा, जरा हे टोक धरा."

पाहुणा माणूस, नाही कसं म्हणणार? एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात टेपचं टोक. काकांनी एका सराफाच्या बंद शटरपासून तीन फूट मोजले, तिथे मामांना उभं केलं, सात फुटांवर मामींना. "मामा डावे, मामी उजव्या. आता दोघं जरा आत वळा. अजून. बस्स, हलू नका." मग स्वतः समोरच्या ओट्यावर जाऊन बसले आणि डोळे मिटले. येणारे-जाणारे थांबले. एका पोराने मोबाइल काढला.

"आता समजा," काका डोळे न उघडता म्हणाले, "अमीर खाँसाहेब तुमच्या दोघांच्या बरोब्बर मध्ये बसलेत."

मामींनी दचकून बाजूला पाहिलं. कीस गार झाला. परतताना मामांनी मला एवढंच विचारलं, "यांच्या घरचे काही करत नाहीत का?"

घरचे काय करणार? घरच्यांना हे सगळं पाठ आहे. साध्या स्पीकरात कागदाचा कोन, त्याच्या मागे कॉइल आणि भोवती लाकडाचा खोका. काकांच्या मते हा खोका म्हणजे गाण्याची जेल. प्लॅनरला खोका नाहीच. मोठं मॉडेल घेतलं तर जवळजवळ माणसाच्या उंचीची आणि जेमतेम दोन इंच जाड अशी चौकट. तिच्यात पापडाहून पातळ मायलारचा पडदा ताणून बसवलेला, पडद्यावर ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या, आणि अगदी लगत चुंबकांच्या रांगा. पट्ट्यांतून ॲम्प्लिफायरचा करंट फिरला की अख्खा पडदा थरथरतो. त्याला पुढूनही मोकळं, मागूनही मोकळं, त्यामुळे आवाज जितका समोर जातो तितकाच पाठीमागे. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. भिंत जवळ असली तर तो पुढच्या आवाजाच्या पायात पाय घालतो. लांब असली तर थोडा उशिरा येतो आणि गाण्याला खोली देतो.

म्हणून तीन फूट. "निदान तीन, भिया. पाच मिळाले तर सोनं."

ही विद्या काका कुठेही वापरतात. मागे गल्लीच्या गणपतीत त्यांनी मंडळाच्या पोरांना मूर्ती पुढे ओढायला लावली.

"काका, गणपती कुठे गातो?"

"आरती तर मागेच आपटते ना!"

मूर्ती पुढे आली, मांडवाची वाट निम्मी झाली, आणि मूर्तीमागच्या तीन फुटांत पोरांनी दहा दिवस पत्ते कुटले. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला गेले की मध्यंतरात सगळे बटाटेवड्याच्या रांगेत असतात, आणि काका रंगमंचाजवळ उभे राहून नेपथ्यातली भिंत नटांच्या किती जवळ आहे ते डोळ्यांनी मोजत असतात. पुतण्याच्या रिसेप्शनला नवरा-नवरीचा सोफा त्यांनी असा पुढे आणला की आहेर द्यायला येणाऱ्यांना उभं राहायला जागा उरली नाही. लोक जमिनीवरूनच पाकिटं वर देत होते.

कळस झाला तो मुलाचा फ्लॅट बघताना. विजयनगरकडे एक बिल्डर नमुन्याचा फ्लॅट दाखवत होता. काका प्रत्येक खोलीत टेप घेऊन वाकलेले. भिंत मोजायची, मान हलवायची, डायरीत आकडा लिहायचा, पुन्हा मान हलवायची. हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची आणि कान द्यायचा. बिल्डर हळूहळू अदबीने बोलायला लागला. थंड पाणी आलं, खुर्ची आली. शेवटी त्याने हात जोडून विचारलं, "पंडितजी, दक्षिण की दीवार में दोष है क्या?" काका गंभीरपणे म्हणाले, "सभी दीवारों में है." बिल्डरने चौरस फुटामागे भाव उतरवला. काकांच्या विचारातून घराला झालेला आजवरचा एवढाच फायदा.

त्यांच्या स्वतःच्या खोलीत मी हजारदा गेलो असेन. जुन्या वाड्याचा वरचा मजला, अकरा फूट बाय चौदा. भिंतीला लागून एकही वस्तू नाही. कपाटं गॅलरीत गेली, दिवाण मुलाच्या खोलीत. जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने आखलेल्या दोन अरुंद पट्ट्या आहेत. एकेक एकोणीस इंच लांब, दोन इंच रुंद, किंचित आत वळवलेल्या. तिथे स्पीकर उभे राहणार. त्या पट्ट्यांवर पाय द्यायचा नाही. घरात झाडू मारणारी बाईसुद्धा त्यांना वळसा घालते. समोर त्रिकोणाच्या टोकाला वेताची एकच खुर्ची. दुसरी ठेवत नाहीत, कारण आवाज बरोबर जमतो तो एकाच जागी आणि ती जागा काकांची.

पट्ट्यांच्या मागच्या तीन फुटांवर मात्र काकूंनी कधीच ताबा मिळवलाय. लोणच्याच्या बरण्या, वाळवणाची गाठोडी, शिलाईचं मशीन. काकांनी आधी आरडाओरडा केला, मग कुठेतरी वाचलं की उंचसखल वस्तूंमुळे मागचा आवाज एकदम परत न येता विखुरतो आणि गोड होतो. तेव्हापासून कैरीचं लोणचं डाव्या स्पीकरच्या मागे आणि लिंबाचं उजव्या स्पीकरच्या मागे, अशी कायमची व्यवस्था आहे. बरणी संपली तर भरून ठेवावी लागते. काकू म्हणतात, "माझं तर काम झालं."

घ्यायचं का राहतंय? तेही ऐका. या स्पीकरची नामांकित कंपनी मॅग्नेपॅन. अमेरिकेत मिनेसोटाच्या व्हाइट बेअर लेक गावात, थ्रीएम कंपनीतले इंजिनिअर जिम वायनी यांनी 1969 साली काढलेली. काकांना व्हाइट बेअर लेकला आज बर्फ पडलाय का ते माहीत असतं. भंवरकुआंला कुठली सिटी बस जाते ते मात्र मला विचारतात. 2019 साली कंपनीने छोटी जोडी काढली, 650 डॉलरला. डॉलर तेव्हा सत्तरच्या आसपास. काका म्हणाले, डॉलर जरा उतरू दे. 2022 मध्ये त्याच जोडीची सुधारलेली आवृत्ती आली, हजार डॉलरला पाच कमी, आणि त्याच वर्षी डॉलर ऐंशीच्या वर गेला. काका म्हणाले, आता तर थांबलंच पाहिजे. वर भाडं, कस्टम, आणि चार ओहमचा हा स्पीकर ओढायला दमदार ॲम्प्लिफायर. त्याचा वेगळा विचार चालू आहे, वेगळ्या डायरीत.

आणि एवढं सगळं करून काकांनी प्लॅनर स्पीकर कधी ऐकलेला नाही.

खोटं कशाला बोलू, एकदा ऐकलाय. सिएटलचा भाचा एका मित्राकडे गेला होता, तिथे जोडी होती. त्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. इकडे काकांनी मोबाइल वेताच्या खुर्चीसमोर स्टुलावर ठेवला. भिंतीपासून तीन फूट सोडून, अर्थात. नखाएवढ्या स्पीकरातून सारंगी की व्हायोलिन असं काहीतरी आलं, मधूनच आवाज तुटत होता. काकांनी डोळे मिटले. "बघ भिया, खोका नाही ना, म्हणून कसं मोकळं वाटतंय." त्या क्षणी मला त्यांचा गळा दाबावासा वाटला होता.

काकांची खरी अडचण पैशाची नाही, पत्त्याची आहे. सराफ्यात राहून गाणं ऐकायचं कधी? सकाळी कचरागाडीचं गाणं. दिवसभर कारागिरांची ठकठक. संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या स्कूटर. रात्री कढया, गराडूचा चर्र आवाज, दहीवड्याचा द्रोण हवेत उडाला की पब्लिकचा गलका, आणि हे सगळं दोन वाजेपर्यंत. मग झाडूवाले, कारण आपलं शहर स्वच्छतेत पहिलं. शांतता मिळते ती तीन ते साडेपाच.

आता काकांकडे वडिलांची एक एलपी आहे. अमीर खाँसाहेबांची, 1960 सालची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेब याच इंदूरचे, 1974 मध्ये कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीची. सराफ्यात या तबकडीची एकही बाजू वेळेवर लावता येत नाही. आणि काका वेळेचे पक्के. पहाटे तीनला दरबारी लावणं त्यांच्या लेखी पाप. त्यामुळे ते आयुष्यभर पहाटेचा ललत ऐकत आलेत.

मग 2020 चा मार्च आला. इंदूरला कर्फ्यू लागला, सराफा दिवसाही बंद आणि रात्रीही. ज्या गल्लीत रात्री बाराला पाय ठेवायला जागा नसते तिथे कुत्रीसुद्धा नव्हती. खायला घालणारंच कोणी नव्हतं. रोज टीव्हीवर शहरातले आकडे, रोज कोणाची तरी बातमी. आमची खिडकी काकांच्या खिडकीसमोर, मध्ये गल्ली. एका रात्री बारानंतर त्यांच्याकडे दिवा लागला. त्यांनी आपले जुने खोके, जेल रोडवरच्या कुठल्याशा मेकॅनिककडून प्लायवूडमध्ये बनवून घेतलेले, ओढत आणले आणि पिवळ्या पट्ट्यांवर ठेवले. इतक्या वर्षांत त्या पट्ट्यांवर पहिल्यांदा काही ठेवलं गेलं होतं. मग दरबारी लागली.

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण त्या रिकाम्या खोलीतून, भिंतीपासून लांब ठेवलेल्या त्या फाटक्या खोक्यांतून खाँसाहेबांचा खालचा स्वर गल्लीत उतरला तेव्हा चार घरांच्या खिडक्या उघडल्या आणि कोणी "आवाज कमी करा" म्हटलं नाही. आंदोलन घेत तो गंधार यायचा, जायचा, आणि पुन्हा येईपर्यंत सगळी गल्ली वाट बघायची. स्पीकर दोन कवडीचे. काकांनी खोली मात्र अशी तयार करून ठेवली होती की त्यात काहीही चांगलंच वाजलं असतं. एवढी वर्षं तो माणूस नुसता टेप घेऊन फिरत होता असं आम्ही समजत होतो.

वेताच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. काका मागे, लोणच्याच्या बरण्यांपाशी उभे होते, जिथे ऐकायला सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी दूध घेताना मला गॅलरीतून ओरडून म्हणाले, "खाँसाहेब जरा डावीकडे सरकले होते. लक्षात आलं का तुझ्या?" मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

सराफा पुन्हा सुरू झाला तसे खोके कोपऱ्यात गेले आणि पट्ट्या मोकळ्या झाल्या. आता सराफ मंडळी म्हणतात चौपाटी इथून हलवा, गॅसच्या टाक्यांनी आग लागेल. चाटवाले म्हणतात आमच्या पिढ्या इथे गेल्या. काका दोन्हीकडच्या बैठकांना हजर असतात. चौपाटी हलली की शांतता होईल आणि मग स्पीकर घेता येतील, हे त्यांचं ताजं धोरण. आणि चौपाटी हलू नये म्हणून निवेदनावर पहिली सही कोणाची, तर त्यांचीच, कारण रात्री साडेदहाला त्यांना शिकंजी लागते. उद्या चौपाटी हललीच तर कारागिरांची ठकठक आहे, तीही थांबली तर डॉलर आहेच.

तर एक विनंती. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा-मुलगी अमेरिकेत असेल, आणि जागा बदलताना एखादी मॅग्नेपॅनची जोडी स्वस्तात काढायची असेल, तर कृपा करून काकांना कळवू नका. काकूंच्या बरण्या ठेवायला घरात दुसरी जागा नाही.