सोनईत राहून छापील कापडाचं कलेक्शन कसं करावं

पहिली सूचना: काम सोनईत बसून केलं, हे कोणाला सांगू नका. टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट 'निसर्गाच्या सान्निध्यात' झालेलं असतं. मुळा कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे ते तासभर अडकलेलं नसतं. जिल्ह्याचं नाव मात्र फाइलवर नीट टाका. प्रवेश घेताना अहमदनगर होतं, २०२४ पासून अहिल्यानगर आहे, आणि ज्या परीक्षकाला कापडाबद्दल विचारायला काही सुचत नाही तो नेमका हा मुद्दा काढतो.

सुरुवात मूडबोर्डापासून करावी. मूडबोर्ड म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंचा आपण केलेला फलक. त्यात एक धुक्यातलं जंगल हवं, एक मॉन्स्टेराचं भोकं पडलेलं पान हवं, आणि एक गंजलेल्या कडीचं जुनं दार. दाराच्या बाबतीत जरा जपून. सोनईपासून हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांच्या चौकटींना परंपरेनं फळ्या नसतात, आणि २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा उघडली तीही कुलपावाचून. असलं गाव शेजारी असताना दार आणायला तुम्ही पोर्तुगालपर्यंत का गेलात, असं विचारणारा एखादा खडूस निघतोच.

मूडबोर्ड मोठा छापून हवा असेल तर फ्लेक्सवाल्याकडे जा. तो आधी विचारेल, "साहेबांचा फोटो कुठं घ्यायचा?" त्याला हसू नका. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांची मुंडकी असतात ती बघा. एक ओळ, तिच्यावर दुसरी ओळ अर्ध्या मुंडक्यानं सरकवलेली, कोणाचा फेटा कोणाच्या नाकावर नाही, मधे रिकामी जागा नाही. तुमच्या पुस्तकात याला ब्रिक रिपीट म्हणतात. तुमचं चुकलं तर दोन मार्क जातात. त्याचं चुकलं तर कोणाचा तरी पुतण्या दुकानावर येतो. शिक्षण कुठं जास्त पक्कं होतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता मोटिफ. इथं नियम एकच, जे रोज दिसतं ते काढायचं नाही. विल्यम मॉरिसनं १८८३ साली 'स्ट्रॉबेरी थीफ' नावाचं कापड केलं. केल्मस्कॉटच्या बागेत थ्रश पक्षी त्याच्या स्ट्रॉबेऱ्या पळवत. त्यानं ते चोर निळीच्या कापडावर ठशांनी छापले. यावरून आपण शिकायचं ते इतकंच, की थ्रश काढावेत. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की थव्यानं उतरणारी पाखरं, घोडेगावच्या वाटेवर बियाण्यासाठी सोडलेल्या कांद्याच्या डोंगळ्यांवर आलेले पांढरे गोंडे, थंडीतला उसाचा तुरा, हे सगळं वगळा. नाही तर तुमची थीम 'ग्रामीण' होईल, आणि ग्रामीण थीम फक्त मुंबईच्या मुलांना शोभते.

तरीही गाइड मॅडमनी 'स्थानिक संदर्भ' मागितलाच, तर जिल्ह्यात तो गरजेपेक्षा जास्त आहे. संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ साली उत्खनन झालं. तिथं लाल भांड्यांवर काळ्या रंगात काढलेली नक्षी सापडली: तिरप्या रेषांचे झुबके, जाळ्या, चौकटी. हे काम तीन हजार वर्षांच्या आसपासचं. पुढं अशी भांडी जिथं जिथं मिळाली तिथल्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडलं. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी खणलं, तेव्हा पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या संगतीनं आतला दोरा टिकला, आणि तपासणाऱ्यांनी त्यात कापूस आणि रेशीम असल्याची नोंद केली. आपल्या तालुक्याच्या गावी इतक्या जुन्या काळी कोणीतरी सूत कातत होतं, हे वाचून अंगावर काटा आला तर तो दाबा. कॉन्सेप्ट नोटमध्ये 'जोर्वे' एकदा लिहावं, नक्षी जशीच्या तशी उचलावी, मोरपंखी रंगवावी आणि कलेक्शनला इटालियन नाव द्यावं.

त्या कुंभारांकडून घेण्यासारखी दुसरीही गोष्ट होती, पण ती अवघड आहे. गोल भांड्याभोवती रेषांचा पट्टा फिरवत नेला की शेवटची रेघ पहिल्या रेघेला गाठते, आणि तिथं सगळी अब्रू जाते. छापील कापडाचा धंदा आजही त्याच सांध्यावर उभा आहे. रोटरी छपाईत निकेलची बारीक जाळीदार नळी असते. ती फिरते, खालून कापड सरकतं, आतून रंग दाबला जातो. नळीचा परीघ बहुधा ६४ सेंटिमीटर असतो. म्हणून डिझाइनची उंची ६४ ला पूर्ण भाग जाणारी हवी: ६४, ३२, १६. तुमची ५० असणार, कारण लॅपटॉपच्या पडद्यावर ती छान बसते. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळी नळी लागते. जुने छापणारे पाच-सहा रंगांत अख्खी बाग उभी करत. तुमच्या एका गुलाबात सावल्याच एकोणतीस आहेत. कोणी हटकलं तर शांतपणे म्हणा, "हे डिजिटल आहे." आता कापसावर डिजिटल करायचं तर रिअॅक्टिव्ह शाई, मग वाफ, मग धुलाई. ते महाग पडतं. पॉलिएस्टरवर कागदावरून गरम दाबून उमटवलं की स्वस्तात भागतं. तेच करा आणि खाली 'शाश्वत' असं लिहा.

रंगांसाठी पँटोनचं कार्ड मित्राकडून मागून आणा. २०२५ चा रंग मोका मूस ठरला होता. सोनईच्या माणसाला तो मळीचा वाटतो. वाटू द्या.

एव्हाना घरात कुरकुर सुरू झाली असेल, की पोरीनं चार वर्षं फी भरून फुलंच काढली. अशा वेळी प्रभाकर बरव्यांचं नाव घ्यावं. एवढा मोठा चित्रकार, 'कोरा कॅनव्हास' लिहिणारा, आणि त्यांनी कितीतरी वर्षं विणकर सेवा केंद्रात काम केलं, आधी बनारसला, मग मुंबईत. वडील विचारतील, "सरकारी होती का नोकरी?" होती, म्हणा. बरव्यांच्या चित्रांबद्दल पुढं बोलायची गरज पडत नाही.

आता खरा धोका. सकाळी सातच्या सुमारास नळाला पाणी आलं की गल्लीत बाहेर पडू नका. सोनईतलं छापील नक्षीचं सर्वांत मोठं प्रदर्शन त्या वेळी भरतं आणि त्याचं नाव गाऊन. खांद्यावर टॉवेल, हातात कळशी, आणि अंगावर जेतपूर, बालोतरा किंवा पालीकडून आलेलं छापील सुती कापड. ते कोणी डिझाइन केलं, कोणालाच ठाऊक नाही. त्याला कॉन्सेप्ट नोट नाही. पण जरा थांबून बघाल तर कामाला लागाल, म्हणून सांगतो, थांबू नका.

त्यातली फुलं चारी दिशांना तोंडं करून पसरलेली असतात. डिझायनरचा हात वाकडा होता म्हणून नव्हे. सगळी फुलं एकाच दिशेला वर बघू लागली की टेलरला कापड उलटसुलट ठेवून बेतता येत नाही, आणि बायका जास्तीच्या कापडाचे पैसे देत नाहीत. जमीन गडद, कारण मळखाऊ हवी: हळद, चहा, लेकराचे हात, सगळं तिच्यात जिरतं. फूल मुठीएवढं, कारण त्याहून मोठं झालं तर नेमकं नको तिथं येतं. मधल्या बारीक ठिपक्यांनी सांधाही झाकला जातो आणि छपाईत रंग केसभर सरकला तरी कळत नाही. तुमच्या कलेक्शनमधला 'हीरो', 'कोऑर्डिनेट' आणि 'ब्लेंडर', म्हणजे मुख्य नक्षी, तिची जोडीदार आणि मधली बारीक भर, हे तिघं त्या एकाच गाऊनमध्ये संसार करतात.

तुमचा नमुना चुकून या मंडळीच्या हाती लागलाच तर ज्यूरी तिथंच उरकते. शेजारच्या काकू कापड आधी उलटं करून बघतील. ओल्या बोटानं घासतील. उजेडाकडं धरतील. "आतला परकर दिसंल गं यातून." मामी म्हणतील, "एवढं पांढरं? दोन धुण्यांत पिवळं पडंल." आजी लांबूनच, "हे पान पोटावर येतंय बघ." पारदर्शकता, रंगाचा पक्केपणा, मोटिफची जागा. कॉलेजात यासाठी तीन वेगळे तक्ते भरावे लागतात. यावर तुम्ही ठरलेलं उत्तर द्यायचं: "काकू, हे घालायचं नाहीये, कलेक्शन आहे." आणि अहवालात 'वापरणारी व्यक्ती' या रकान्यात लिहायचं: महानगरातली, २५ ते ३५ वर्षांची, सजग स्त्री. ती कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे तिची तक्रार येत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी कापड उंचावर टांगा, हात पोचणार नाही इतकं. घरून कोणी येणार असेल तर त्यांना दुपारची वेळ सांगा, ज्यूरी सकाळी असते.

नमुन्याचं दोन मीटर कापड उरेल ते आईला देऊन टाका. काही दिवसांनी दोरीवर तुमचे थ्रश उशीच्या अभ्र्यांवर उलटे लटकताना दिसले तर ओरडू नका. चांगला उजेड बघून फोटो काढा आणि पोर्टफोलिओला 'होम फर्निशिंग' नावाचं एक पान वाढवा.