अटेनमेंट आलं का, सर?

अभियांत्रिकी कॉलेजात हल्ली दोन प्रकारचे विद्यार्थी असतात: वर्गात न बसणारे आणि एक्सेलमध्ये बसणारे. कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅक आणि एनबीएच्या समित्यांची गाठ पडते ती दुसऱ्यांशी.

२०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठीच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. तेव्हापासून शिकवलं काय, यापेक्षा पोरांना आलं काय हे मोजायचा आग्रह वाढला. कल्पना उत्तमच. चाचणीत एका प्रश्नाला अर्धा वर्ग आपटला, तर तो भाग पुन्हा शिकवायचा. पण शहाणपण फाइलला लागलं की त्याचं नाव 'अटेनमेंट' होतं. प्रत्येक प्रश्नाला सीओ (कोर्स आउटकम) चिकटवा, सीओला पीओ (प्रोग्रॅम आउटकम) जोडा, मग १, २, ३ असे आकडे भरा. शिकण्याच्या पातळ्यांची ब्लूमसाहेबांची १९५६ची उतरंडही चढायची असते. ती सोपी आहे. 'स्पष्ट करा' खोडून 'विश्लेषण करा' लिहायचं. प्रश्न तोच, उत्तर तेच, पातळी मात्र उंचावली!

अटेनमेंटचं लक्ष्य कॉलेजनेच ठरवायचं असतं. उमेदवारही आपण आणि मतमोजणीही आपलीच, त्यामुळे अनामत कधी जप्त होत नाही. निकाल लागून हिशोब जुळेपर्यंत ती पोरं पुढच्या सत्रात गेलेली असतात. मग 'उपाययोजना' या रकान्यात 'जादा तास घेतले' असं लिहायचं आणि सोबत जिओ-टॅग केलेला फोटो जोडायचा. फोटोतली पोरं हुशारच असतात, कारण बोलावल्यावर तेवढीच येतात.

अशाच एका कॉलेजात स्थापत्य विभागात एक नवीन मॅडम आल्या. त्यांनी चाचणीचे पेपर खरोखर वाचले (तपासणं वेगळं, वाचणं वेगळं). एसएफडी (शिअर फोर्सची आकृती) सगळ्यांना येतोय, बीएमडीत (बेंडिंग मोमेंटच्या आकृतीत) मात्र चिन्ह चुकतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. कुणाला न विचारता शनिवारी दोन तास त्यांनी तेवढंच घेतलं. पुढच्या चाचणीत त्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांना गुण मिळाले.

एचओडींनी तातडीने केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, हे काय करून बसलात?"

"सर, पोरांना येतंय आता."

"तेच म्हणतोय! लक्ष्य गाठलं की पुढच्या वर्षी वाढवावं लागतं. ते गाठायला परत शिकवणार कोण?"